सालीसकट

"ओचा झाड."

मी झाडला.

"नीट झाड. खाली वाक."

सातवा महिना होता. वाकवत नव्हतं. तरी वाकले. ओच्यातनं, म्हणजे पातळाच्या पुढे खोचलेल्या घोळातनं, पेंढ्याच्या दोन काड्या पडल्या आणि सुपारीचं एक खांड. बाकी काही नव्हतं. पडवीत झोपाळ्यावर वैनी बसल्या होत्या. वैनी म्हणजे बागवाल्यांची बायको. त्यांनी पायाचा अंगठा टेकून झोपाळा थांबवला.

"मग हे काय फुगलंय?"

पायऱ्या उतरून खालच्या अंगणात, खळ्यात, आल्या आणि माझं पोट दोन्ही हातांनी चाचपलं. फणस पिकला की नाही ते बघतात ना, तसं. वरून, खालून, बाजूने. रांगेत सोळा-सतरा बायका उभ्या. झाडावरून आंबा उतरवणारे गडी उभे. मुंबईहून आलेला दलाल खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होता.

"कैरी दिसतेय," वैनी म्हणाल्या. "पिकली की आणून दाखव हो."

सगळे हसले. दलाल इतका हसला की चहा धोतरावर सांडला. गडी हसले. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मीपण हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

त्या हसणाऱ्या बयेची मला आज चांगली हजेरी घ्यायची आहे. ती बया म्हणजे मीच, पण पंचवीस वर्षांची. अंगाने खारकेसारखी, अकलेने कवळी. आता सत्तरीला आलेय, गुडघे गेलेत, दात चार उरलेत. त्या चार दातांनी तिला चावणार आहे.

घरी जाऊन त्या बयेने काय केलं? रडली? छे. सासूला तोच विनोद सांगितला. वैनींचा आवाज काढून, झोपाळ्यावर बसल्यासारखी मागेपुढे डुलून. "कैरी दिसतेय." सासू चुलीपाशी होती. ती हसली नाही. म्हणाली, "गरवारशीचा ओचा रिकामा करू नये गो." एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. त्या बाईने सगळा जन्म तिथेच ओचा झाडला होता. तिला पुढचं काय सांगायचं ते ठाऊकच नसावं.

मुलगी झाली. बारशाला आम्ही तिचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं. पण बागेतला विनोद आमच्याआधी वाडीत पोचला होता. पोरीला सगळे कैरी म्हणायला लागले. मीपण म्हणायला लागले. बघा कशी होती ती बया. दुसऱ्याने थुंकलेलं उचललं आणि पोरीच्या कपाळाला टिळा म्हणून लावलं.

बाग पावसच्या बाजूला, कातळावर. हंगामात आम्ही कुळवाडी बायका सकाळी उजाडता जायचो. आंबा निवडायचा, देठ बघायचा, पेटीत पेंढा घालून थर लावायचा, पिकायला अढीत घालायचा. लहान बाळाला आंघोळ घालताना जपतो त्याहून जपायचा. आपटला तर बोलणी. नख लागलं तर बोलणी. आणि संध्याकाळी सुटताना रांगेत उभं राहून ओचा सोडून झाडायचा. ही रीत कोणी सुरू केली कोण जाणे. वैनींच्या सासूच्या वेळेपासून होती. गड्यांना झाडाझडती नव्हती. गड्यांच्या खिशात आंबा मावत नाही म्हणे. आमच्या ओच्यात मावतो.

चैत्रात ह्याच पडवीत वैनींचं हळदीकुंकू व्हायचं. त्यांच्यातल्या बायका वर झोपाळ्यापाशी बसायच्या. नारळ, खण, तांदूळ घालून वैनी त्यांची ओटी भरायच्या. आम्ही खाली खळ्यात पन्ह्याची भांडी विसळायचो. त्यांची ओटी भरायची, आमचा ओचा झाडायचा. हात तेच.

आणि डागी आंबा. म्हणजे ज्याला काळा डाग पडला, जो पेटीत जात नाही तो. तो मागच्या खड्ड्यात टाकायचा. खताला. आम्हाला न्यायला बंदी. मी एकदा विचारलं होतं, अगदी लाडात येऊन, "वैनी, एखादा डागी नेऊ का पोरीला?" त्या म्हणाल्या, "तोंडाला सवय लागली की हात लांब होतात." मी मान डोलावली. किती शहाणं बोलल्या, असं तोंड केलं.

तर सांगायचं काय, मी वीस हंगाम हापूस हाताळला आणि हापूस खाल्ला नव्हता. घरी आम्ही रायवळ चोखायचो. हापूसचा वास मात्र अंगाला. नवरा मुंबईहून यायचा, तो म्हणायचा, "तुझ्या अंगाला काय वास येतो गो." त्याला कौतुक. मला चव ठाऊक नव्हती.

लोक विचारतील, एवढी का घाबरायचीस? अहो, कशाला घाबरत नव्हते ते विचारा. ती बया एसटीच्या कंडक्टरला घाबरायची. तिकीट चुकीचं दिलं तरी उतरून चालत जायची. रेशनवाल्याला घाबरायची. डॉक्टरला पोट दुखतंय हे सांगायला घाबरायची, तो विचारेल कुठे दुखतं. वैनींचा कुत्रा भुंकला तरी ही डोक्यावर पदर घ्यायची.

पण खरी भीती एकच. घर. आमचं घर बागवाल्यांच्या जागेवर आहे, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो. सासूने तिच्या सासूकडून ऐकलेलं. म्हणून दर वर्षी झाडाचा पहिला कापा फणस वैनींकडे पोचवायचा. आम्ही बरका खायचो, गिळगिळीत. म्हणून भातलावणीचे आठ दिवस त्यांच्या शेतात फुकट वाकायचं. म्हणून वैनी काहीही म्हणाल्या तरी हसायचं. एक शब्द वाकडा गेला की कौलं उतरवतील, चूल उघड्यावर येईल. नवरा मुंबईत एका खानावळीत कामाला, राहायला त्याच खानावळीच्या माळ्यावर. घर गेलं तर म्हातारीला आणि पोरीला घेऊन जाणार कुठे? ही भीती काय खोटी नव्हती. म्हणजे मला तेव्हा खोटी वाटत नव्हती.

आता त्या बयेचा खरा पराक्रम सांगते. हसून हसून, मान डोलावून, तिने बढती मिळवली.

वैनींचे गुडघे धरले. पायऱ्या उतरणं होईना. एक दिवस मला म्हणाल्या, "तू विश्वासाची. ह्या बायकांचे ओचे आता तू बघत जा." मला वाटलं सोन्याचा तुकडा हातात दिला. माझा स्वतःचा ओचा त्या दिवसापासून कोणी झाडायला लावला नाही. मी रांगेच्या तोंडाशी उभी राहायचे. "झाड गो." "नीट झाड." "वाक." वैनींचेच शब्द. सूरसुद्धा तोच. घरी सासूसमोर नक्कल करायचे ना, तो सराव कामाला आला.

रांगेत सुगंधा होती. माझ्याच वाडीतली, माझ्याच वयाची, दोन घरं टाकून घर. तिचा धाकटा तापाने फणफणला होता, काही खात नव्हता. तिने ओच्यात दोन डागी आंबे घेतले. माझ्यासमोर आली तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, की आहेत, जाऊ दे.

मी म्हटलं, "झाड."

दोन्ही आंबे खळ्यात पडले. एक फुटला.

वैनींनी तिला तिथल्या तिथे कामावरून बंद केलं. पुढच्या हंगामात आजूबाजूच्या कुठल्याच बागेत तिला कोणी घेतलं नाही. वैनींनी मला त्या संध्याकाळी पडवीच्या कडेवर बसायला सांगितलं आणि चहा दिला. कान तुटलेल्या कपातून. मी तो फुंकून फुंकून प्यायले. गोड होता, हेही मला आठवतं. त्या बयेला थोबाडीत मारायला मी कितीदा गेलेय मागे, पण हात पोचत नाही.

कैरी तेरा वर्षांची झाली. सातवीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात मी तिला बागेत घेऊन गेले. हुशार होती, हात नाजूक, आंबा अलगद ठेवायची. वैनी म्हणाल्या, "हीच का ती कैरी?" आणि पुन्हा सगळे हसले. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी हसत होते.

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. सुटायची वेळ. रांग लागली. मी तोंडाशी उभी. एकेक बाई झाडून पुढे जात होती. मग माझी पोर समोर आली. परकराचा ओचा दोन्ही मुठींनी धरलेला. मुठी पांढऱ्या पडलेल्या.

मला कळलं. आईला कळतं. तिच्या ओच्यात आंबा होता.

मी काय करू शकत होते? पुष्कळ. "हिचं बघितलं" म्हणून पुढे ढकलू शकत होते. वैनी वर झोपाळ्यावर होत्या, त्यांना आताशा धड दिसतही नव्हतं. पण त्या बयेच्या जिभेला सवय. शब्द बाहेर पडून गेला.

"झाड."

पोर हलली नाही.

"झाड गो," मी पुन्हा म्हटलं. पोटच्या पोरीला.

तिने मुठी सोडल्या. आंबा पडला. पिवळाधमक, देठापाशी रुपयाएवढा काळा डाग. खड्ड्यात जायचा तो. लोळत लोळत पडवीच्या पायरीला जाऊन टेकला.

झोपाळा थांबला. वैनी कठड्याला धरून उठल्या.

"चोराच्या पोटी चोरच," म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागतच नसे. "उचल ग, कैरे. उचल आणि खा. सगळ्यांसमोर खा. सालीसकट. बाठा चोखून दाखव. बघू दे सगळ्यांना चोरून खाल्लेलं कसं लागतं."

पोर उभीच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती वैनींकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझं तोंड हसायच्या तयारीला लागलेलं होतं, गाल वर चढलेले होते, ते ती बघत होती. तेरा वर्षांत तिने ते किती वेळा बघितलं असेल. त्या वेळी प्रथमच मला माझं तोंड दिसलं. तिच्या डोळ्यांतून दिसलं. झाडाझडतीच्या रांगेत आपल्या पोरीला उभं करून हसणाऱ्या बाईचं तोंड.

"खातेस की नाही?" वैनी म्हणाल्या. "का तुझ्या आईला भरवायला सांगू?"

मी पायरीपाशी गेले. सगळ्यांना वाटलं पोरीला भरवायला आंबा उचलतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं असेल, खोटं कशाला बोलू. आंबा उचलला. पदराने पुसला. आणि वैनींकडे तोंड करून खळ्याच्या मधोमध मांडी घालून बसले.

मी खाल्ला.

देठ दातांनी तोडून थुंकले. डागासकट, सालीसकट चावा घेतला. रस हनुवटीवरून गळ्यात गेला. कोपरापर्यंत गेला. कोपर चाटलं. घाई केली नाही. वीस हंगामांची उधारी होती, घाई कशाला? एक गडी खोकला. साल चावून चावून गिळली. बाठा चोखला, उलटा केला, पुन्हा चोखला. पांढरा होईस्तोवर.

वैनी काहीतरी म्हणत होत्या. काय म्हणाल्या ते मला आजही सांगता येणार नाही. माझे कान वाजत होते.

संपल्यावर उठले. बाठा ओच्यात टाकला. ओचा घट्ट खोचला.

"हा मी झाडणार नाय," मी म्हटलं. "माजा पण नाय, पोरीचा पण नाय. ह्यांचा पण मी नाय झाडून घेणार. तुमी उतरा खाली नि झाडा."

पोरीचा हात धरला आणि चालू लागले.

इथे गोष्ट थांबवली तर मी मोठी शूर दिसेन. म्हणून थांबवत नाही. फाटकाबाहेर शंभर पावलांवर काजूचं झाड होतं. त्याच्याखाली बसले आणि ओकले. पुढे वहाळापाशी पुन्हा ओकले. आयुष्यातला पहिला हापूस अंगी लागलाच नाही. पोरीने मला धरून घरी आणलं. वाटेत मी तिला शिव्या दिल्या. "कशाला घेतलास? काय गरज होती?" ती म्हणाली, "तुज्यासाठी घेतलेला, आये. तू खाल्ला नाय ना कधी."

मी ओच्यातला बाठा चाचपून बघितला.

वाटलं होतं मागून आणखी एकदोघी येतील. कोणी आली नाही. दुसऱ्या दिवशी रांग लागली, सगळ्यांनी ओचे झाडले. माझ्या जागेवर वैनींनी दुसरी उभी केली. ती माझ्यापेक्षा कडक निघाली म्हणतात. विहिरीवर बायका माझ्यापासून घागर लांब ठेवायला लागल्या. मी त्यांच्यासाठी काय केलं होतं? हंगामचे हंगाम त्यांना वाकवलं आणि एक दिवस आपलं दुखलं तेव्हा उठले. त्या चुकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी वैनींचा गडी निरोप घेऊन आला. "मिरग लागायच्या आत घर रिकामं करा." दारातूनच बोलला आणि गेला. सासू भिंतीला टेकून बसली. कौलांकडे बघत राहिली. नवऱ्याला कळवलं तर त्याचा मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप, "वैनींच्या पाया पड. पोरीला पण पडायला लाव." त्याचीही रीत तीच. खानावळीत मालकाच्या शिव्या खाऊन तोही हसतच असणार.

पाया पडायला मी निघाले होते. खरं सांगते. पातळ बदललं, कुंकू नीट लावलं. उंबऱ्यावर पोर बसली होती. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, गाल वर चढतात का ते. मी परत आत गेले.

म्हटलं, घर तर जाणारच. पण किती दिवसांत, कुठल्या कायद्याने, ते तरी तलाठ्याला विचारू. तेवढं विचारायला काय जातं? जात होतं ते असं की मी आयुष्यात कुठल्या सरकारी माणसाशी बोलले नव्हते. म्हणून म्हशीशी बोलले.

हसा. आमची म्हैस गोठ्यात बांधलेली. तिच्यासमोर उभी राहायचे आणि म्हणायचे, "रावसाहेब, आमच्या घराचं काय ते बघून सांगा." ती रवंथ करायची. "रावसाहेब, मी ऐकल्याशिवाय जाणार नाय." ती कान हलवायची. पहिल्या दिवशी म्हशीसमोरसुद्धा माझा आवाज फुटला नाही, एवढी ती बया गयीगुजरी. सासू म्हणाली, हिला लागीर झालं. चार दिवस म्हशीने ऐकलं. मग चालत गेले.

पहिल्या दिवशी कचेरीबाहेरच्या आंब्याखाली बसले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिले, आतून कोणी विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काय नाय." आणि परत. चौथ्या दिवशी आत गेले आणि भलतंच झालं. म्हशीसमोर घोकलेलं विसरले. घाबरून एवढ्या मोठ्यांदा बोलले की तलाठ्याच्या हातातलं पेन सुटलं.

"आमचं घर बघा."

त्याने दप्तर काढलं. पानं उलटली. बोट फिरवलं. मला सासऱ्यांचं नाव विचारलं, सासऱ्यांच्या बापाचं विचारलं.

"बाई, ही जागा तुमच्या सासऱ्यांच्याच नावावर आहे."

"कधीपासून?"

"कुळकायदा आला तेव्हापासून. तुमचं लग्नसुद्धा झालं नसेल."

"मग आम्ही दर वर्षी पहिला फणस देतो तो?"

"फणसाचं मला काय विचारता," तो म्हणाला.

वाटेत मी हसत सुटले. एसटीच्या थांब्यावरची माणसं बघायला लागली. सासऱ्यांना सही येत नव्हती. कधीतरी त्यांनी कुठेतरी अंगठा दिला असेल, कागद बागवाल्यांकडे ठेवायला दिला असेल, जपून राहील म्हणून. बागवाले कधी बोलले नाहीत. आम्ही कधी विचारलं नाही. आपल्याच घरात राहायची परवानगी म्हणून आम्ही फणस वाहिले, लावणी लावली, ओचे सोडले. वैनींनी सातव्या महिन्यात पोट चाचपलं आणि मी हसले, ते घर जाऊ नये म्हणून. घर माझंच होतं. विचारायला एक प्रश्न पुरला असता. तो प्रश्न तीन पिढ्यांत कोणी विचारला नाही.

हसणं थांबलं तेव्हा रडू आलं, आणि रडू थांबलं तेव्हा राग. तो राग अजून आहे. तो मी जाऊ देत नाही. रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवतात, तसा ठेवलाय.

मिरग लागला. घर कोणी रिकामं केलं नाही. त्या वर्षीचा पहिला कापा आम्ही घरी फोडला. सासूने पहिला गरा तोंडात धरला आणि दाराकडे बघत बसली, कोणी येतंय का. गिळायला तिला फार वेळ लागला.

मग मी सुगंधाकडे गेले. दोन घरं टाकून जायला मला म्हैस लागली नाही, पण तलाठ्यापेक्षा तिथे जास्त घाबरले. अंगणात उभी राहून म्हटलं, "चुकलं माजं." ती तांदूळ निवडत होती. खडा काढला, बाजूला टाकला. "होय, चुकलं," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. दार लावून घेतलं. पुढे ती वारली तोवर माझ्याशी बोलली नाही. मीही तिने माफ करावं म्हणून मागे लागले नाही. तिचं बरोबर होतं. माझ्या भीतीची किंमत तिच्या घराने आधीच भरली होती.

तो बाठा मी दारात लावला. कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा, हापूसच्या बाठ्याला हापूस येत नाही. हापूस हवा तर कलम बांधावं लागतं. मलाही ठाऊक होतं. झाड आलं ते रायवळच. फळ बारीक, रेषाळ, आंबट. दात आंबतात. लोक म्हणतात, तोड आणि कलम लाव, चार पैसे येतील. मी तोडणार नाही.

आता नातीचं सांगते, कारण तिच्यामुळेच ही वही लिहायला घेतली. कैरीची मुलगी. कैरी आता दापोलीला सासरी असते, तिला कैरी म्हणणारं कोणी उरलं नाही, मीसुद्धा नाही. नात माझ्याकडे राहून रत्नागिरीत एका मोठ्या दुकानात कामाला जाते. कपडे, भांडी, सगळं एकाच छपराखाली. सकाळी एसटीने जाते, संध्याकाळी येते.

गेल्या आठवड्यात घरी आली, पाय धुतले, आणि हसत हसत सांगायला लागली. संध्याकाळी सुटताना कामाच्या पोरींना रांगेत उभं करतात. पिशवी उघडायची. डबा उघडायचा. त्या दिवशी तपासणीच्या बाईने हिची ओढणी काढायला लावली, झटकली, आणि गिऱ्हाइकं बघत असताना कमरेवरून हात फिरवला. वरचा साहेब काचेमागे उभा होता. "एवढी कशी जाड झालीस? आत साडी नेसलीस का दुकानातली?" म्हणाला. सगळे हसले.

नात त्या साहेबाची नक्कल करून दाखवत होती. छान करत होती. गाल वर चढलेले.

मी हसले नाही. ती थांबली.

"काय झालं, आजी?"

"तू पण हसलीस?"

"मग काय करणार? सगळ्यांचंच बघतात. सवय झाली."

"साहेबाचं बघतात?"

ती म्हणाली, "नोकरी जाईल."

"जाईल."

"मग?"

"मग जाईल."

"मला भीती वाटते, आजी. तुझं काय, तू पहिल्यापासून खमकी."

तेव्हा मी तिला त्या बयेची सगळी गोष्ट सांगितली. पोट, सुगंधा, चहाचा कप, म्हैस, सगळं. तिची आई तेरा वर्षांची असताना मी तिला "झाड" म्हटलं, तेही सांगितलं. तिला तिच्या आईने हे कधी सांगितलं नव्हतं. ऐकून ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागली. बघू दे. खमकी आजी असण्यापेक्षा ते बरं.

भीतीचं औषध मला ठाऊक नाही. माझी गेलेली नाही. अजून बँकेत जायचं म्हटलं की दोनदा दारावरून परत येते, आणि म्हैस तर आता नाही. मी तिला एवढंच सांगितलं. भीती वाटू दे, नंतर काजूखाली बसून ओक. पण त्यांच्याबरोबर हसू नको. त्यांच्या हातात दुसरं काही नसतं, आपलं हसणंच असतं.

ती काय करेल ते तिचं. मी तिला पुढे ढकलणार नाही. एकदा पोरीला रांगेत मी माझ्या हातांनी उभं केलंय, पुन्हा कुठल्याच रांगेत कोणाला उभं करणार नाही. धीराच्यासुद्धा नाही.

माझं मी ठरवलंय. झाडाचे रायवळ आता पिकलेत. सोमवारपासून दुपारच्या एसटीने मी रत्नागिरीला जाणार. पिशवीत आंबे. त्या दुकानाच्या काचेच्या दारासमोर पायरी आहे, नातीने सांगितलंय, पोरी तिथूनच सुटतात. त्या पायरीवर मांडी घालून बसणार. रांग लागली की एक आंबा काढणार, देठ थुंकणार, आणि सालीसकट खात त्या बाईच्या हातांकडे बघत बसणार. काचेमागच्या साहेबाकडेही. कोणी विचारलं तर सांगणार, नातीला न्यायला आलेय. उठ म्हणाले तर विचारणार, ही पायरी कोणाच्या नावावर आहे, कागद दाखवा.

हंगाम संपेपर्यंत रोज. आंबे संपले तर नुसती बसेन.

ते हसतील. हसू देत. मी हसणार नाही.